बंदुकीची वेळ

मंडळात तिला सगळे मेव्हणी म्हणत. आधी चिटणीसांची मेव्हणी होती, मग 'चिटणीसांची' गळून पडलं आणि ती साऱ्या मंडळाची मेव्हणी झाली. मेव्हणी, पाण्याचे ड्रम भरले का. मेव्हणी, उद्या कुलूप तू उघड. पहाटे पळायला पन्नासेक माणसं जमत, त्यातली सगळ्यात जोरात पळणारी बाई ड्रम भरत असे आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. ती घरचीच ना. घरचं माणूस म्हणजे फुकटचा हमाल, जगात कुठेही जा.

दिवसभर ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करी. यंत्राच्या तापलेल्या रुळांत चादर सारायची, पलीकडून ओढायची, घडी घालायची, की पुढची. वाफेनं हातांवरची कातडी तुकतुकीत झाली होती. तिथल्या बायका म्हणत, अगं बोल की काही, तोंडाला कुलूप लावलंस का. तिच्याकडे बोलण्यासारखं एकच होतं आणि ते बोलून संपवायचं नव्हतं. दोन वर्षं तिनं डूख धरला होता. राग धरणारे पुष्कळ असतात, संध्याकाळी चहाबरोबर त्यांचा राग विरघळतो. डूख धरायला सापाची जात लागते.

आता वेळ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं भांडण तिथंच आहे. मोठ्या शर्यतीत हजारो माणसं एका रस्त्यावर उभी असतात. सगळ्यांचे पाय एकदम रेषेवर कसे येणार? बंदूक उडते, पुढचे सुटतात, मागचे मेंढरांसारखे एकमेकांना ढोसत रेषेकडे सरकत राहतात. म्हणून प्रत्येकाच्या छातीवरच्या नंबरामागे एक पातळ पट्टी चिकटवलेली असते, तिला चिप म्हणतात. सुरुवातीच्या रेषेवर रबरी चटई अंथरलेली असते. तुम्ही चटई ओलांडलीत की यंत्र पीं करतं आणि तुमची वेळ चालू होते. शेवटच्या चटईवर पुन्हा पीं, वेळ बंद. ही चिपेची वेळ. आणि बार उडाल्यापासून तुम्ही शेवटची रेष ओलांडेपर्यंत जी होते, ती बंदुकीची वेळ. पहिली तुमच्या पायांची. दुसरी तुम्हाला उभं कुठे केलं होतं त्याची.

दोन वर्षांपूर्वी असं ठरलं होतं की मंडळाच्या बायकांत जी पहिली येईल, तिला मैदानावर मुलींना पळायला शिकवायची कायमची नोकरी. ती वर्षभर त्यासाठी पळाली. शर्यतीच्या सकाळी पुढच्या कप्प्यात, जोरात पळणाऱ्यांच्या रांगांत, तिची जागा होती. बूट बांधून ती निघाली, तेवढ्यात ताईचा नवरा, तिचे भाऊजी, धावत आले. तेव्हा ते मंडळाचे चिटणीस होते.

"अगं, सामानाच्या ट्रकवर माणूसच नाही. एवढ्या पिशव्या चढव आणि मग जा."

"भाऊजी, बंदूक उडेल."

"उडू दे की. चिप आहे ना तुला? तुझी वेळ तुझ्या चटईपासून. घाई कसली?"

तिनं पिशव्या चढवल्या. बार उडाला तेव्हा कुणाचीतरी लाल पिशवी तिच्या डोक्यावर होती. ती रेषेवर पोचली तेव्हा तिथं उरले होते ते बाबागाडी ढकलणारे आणि फोटो काढत चालणारे. सात मिनिटं गेली होती. त्यांच्यातून वाट काढत, फुटपाथवरून, गटाराच्या कडेनं ती अशी पळाली की पुन्हा कधी तशी पळाली नाही. तरी भाऊजींची पुतणी, जी पहिल्या रांगेत उभी होती, तिच्या पाच मिनिटं आधी पोचली. चिपेनं पाहिलं तर मेव्हणी दोन मिनिटांनी पुढे. बंदुकीनं पाहिलं तर पुतणी पहिली.

समितीची बैठक भरली. भाऊजी म्हणाले, "पहिलं कोण आलं ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. चिप म्हणजे आपलं मनाचं समाधान."

"चिप आहे ना असं तुम्हीच म्हणालात, भाऊजी."

"ते घरचं बोलणं झालं. ही समिती आहे."

आणि आपण पुतणीची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, म्हणून ते आणखी पुढे गेले. नियमच करून टाकला. रंगाऱ्याला बोलावून मंडळाच्या खोलीत भिंतीवर वीतभर अक्षरांत लिहून घेतला: 'मंडळात वेळ म्हणजे बंदुकीची वेळ. बक्षीस, निवड, मानाची पाटी, सर्वांना सारखाच नियम.' लबाड माणसाला न्यायी दिसायची हौस आली की असं होतं. तो गरजेपेक्षा जास्त नियम करतो. मग त्यांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "म्हण, मला नियम मान्य आहे. म्हणजे विषय संपला."

ताईला त्याच घरात नांदायचं होतं. म्हणून मेव्हणी उभी राहिली आणि म्हणाली, "मला नियम मान्य आहे."

तेवढं एक वाक्य दोन वर्षं तिच्या घशात अडकून होतं. पुतणीला नोकरी मिळाली. पोर तशी वाईट नव्हती, पण वाईट नसणं ही काही मोठी गोष्ट नाही. तिला सगळं कळत होतं आणि ती गप्प राहिली होती.

यंदा दोन गोष्टी झाल्या. जुने अध्यक्ष थकले आणि भाऊजी खुर्चीवर बसले. आणि त्यांच्या गुडघ्याच्या डॉक्टरनं सांगितलं की ही शेवटची लांब शर्यत, यानंतर जिने चढता आले तरी नशीब समजा.

भाऊजींचा जीव एका पाटीत अडकला होता. बेचाळीस किलोमीटरची शर्यत दहा वेळा चार तासांच्या आत पुरी करणाऱ्या सभासदाच्या नावाची पितळी पाटी मंडळाच्या भिंतीवर लागते. आजवर दोनच लागल्या होत्या. भाऊजींच्या नऊ वेळा झाल्या होत्या, नवव्या वेळी तर जेमतेम. दहावी यंदा झाली तर झाली. त्यांना इतकी खात्री होती की पाटी कोरून आणून आधीच भिंतीवर ठोकून ठेवली होती, वर मखमली कापड. शर्यत संपल्यावर पाहुण्यांच्या हस्ते कापड ओढायचं.

शर्यतीच्या आधी दोन आठवडे त्यांनी तिला खोलीत बोलावलं. "यंदा तू झेंडा घे. चार तासांचा."

झेंडा म्हणजे पाठीला काठी बांधायची, तिच्यावर वेळ लिहिलेली. झेंडेवाला बरोबर तेवढ्या वेळात पळतो, आणि ज्यांना तेवढीच वेळ हवी ते डोळे मिटून त्याच्या मागे लागतात. तिच्यासारखीला चार तास म्हणजे घोड्याला नांगराला जुंपणं. शिवाय झेंडा घेतला की बक्षिसाला उभं राहता येत नाही. पुतणीची वाट मोकळी. तिला सगळं दिसत होतं. नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"मीही तुझ्याच मागे पळणार आहे," भाऊजी म्हणाले. "मेव्हणीच्या झेंड्याखाली दहावी. लोक म्हणतील, वा. फक्त थोडं थांबावं लागेल तुला. बंदूक मी उडवायची आहे ना, अध्यक्ष म्हणून. मचाणावरून उतरेपर्यंत पुढची गर्दी सुटलेली असेल, मी आपला मागून येतो."

तिनं तोंड मिटलं. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर वीतभर अक्षरं होती. भाऊजींनी ती करवून घेतल्यापासून कधी वाचलीच नसावीत. नियम आपण केला म्हणजे तो दुसऱ्याला लागतो, अशी काही माणसांची पक्की समजूत असते.

"मग मला शेवटच्या कप्प्यातला झेंडा द्या," ती म्हणाली. चार तासांचे झेंडे दोन असत, एक मधल्या कप्प्याला, एक उशिरा येणाऱ्यांना. "मी थांबते तुमच्यासाठी."

"शाबास. शेवटी रक्ताचं नातं."

रक्ताचं नव्हतंच ते, पण तिनं चूक सुधारली नाही.

शर्यतीच्या सकाळी ती शेवटच्या कप्प्यात झेंडा बांधून उभी राहिली. भोवती वीसेक माणसं. त्यांत मंडळाच्या समितीतले दातांचे डॉक्टर होते, साठीचे, डोक्याला रुमाल बांधलेले. ते दरवर्षी शपथ घेत की हे शेवटचं, आणि दरवर्षी येत. लांब पुढे मचाणावर भाऊजी दिसत होते, गळ्यात हार. त्यांनी आधी भाषण केलं, मग पाहुण्यांनी केलं, मग पाहुण्यांच्या भाषणाबद्दल भाऊजींनी आभाराचं केलं.

"या माणसाला भूल न देता दात काढायला हवेत," डॉक्टर म्हणाले.

सहाच्या ठोक्याला बार उडाला. कावळे उठले. पुढची माणसं सुटली आणि तिनं आपल्या लोकांना रस्त्याच्या कडेला घेतलं. "घाई नाही. आपली वेळ चटईपासून." लोक निवांत होते, त्यांच्या प्रमाणपत्रावर चिपेचीच वेळ यायची होती. बंदुकीचा नियम फक्त मंडळाच्या सभासदांना, मंडळाच्या मानासाठी. डॉक्टरांना मान नको होता, त्यांना फक्त जिवंत पोचायचं होतं.

भाऊजी आले ते हार काढत, घामाघूम. शिडीवरून उतरताना दोन जणांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतले होते आणि भाऊजी फोटोला नाही म्हणणारे नव्हेत. पाच मिनिटं होऊन गेली होती.

"चला, चला. मेव्हणी, चल."

ती चटईच्या अलीकडे थांबली. इथंच तिनं ते केलं, जे करायचं तिनं दोन आठवडे ठरवलं होतं. सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात ती म्हणाली, "भाऊजी, माझा झेंडा चटईपासून मोजतो. बंदुकीपासून नाही. चालेल ना?"

भाऊजी हसले. "मला शिकवतेस? मी तुला पळायला शिकवलं, बाई. चार तास म्हणजे चार तास. चल पुढे."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग भाऊजींकडे. मग स्वतःच्या बुटांकडे.

एकदा सांगायचं, दोनदा नाही. हे तिचं ठरलं होतं. न सांगता केलं असतं तर ते भाऊजींसारखं झालं असतं. तिला भाऊजींसारखं व्हायचं नव्हतं, तिला भाऊजींना संपवायचं होतं.

पीं, पीं, पीं. भाऊजींनी मनगटावरचं घड्याळ चालू केलं आणि मागच्यांना सांगू लागले, "ही माझी मेव्हणी. घरात बसायची नुसती. मी आणली रस्त्यावर."

"हो, ट्रकवर पिशव्या चढवायला आणली होती," ती पुढे बघत म्हणाली.

"हा, हा. जुनं काढते नेहमी. आमच्या घरात सगळ्या बायकांची स्मरणशक्ती भारी."

ती पळत राहिली. सारख्या चालीनं, घड्याळाच्या काट्यासारखी. दर मैलाच्या दगडाला ती वेळ सांगे आणि भाऊजी मनगट बघून मान डोलवत, "बरोब्बर." गोदामांचा लांब रस्ता आला, मग पूल, मग नदीकाठची बंद दुकानं. अर्धं अंतर झालं तेव्हा विसांतले तेरा उरले होते.

तिला एकच भीती होती. भाऊजी मध्येच मोडले तर सगळं पाण्यात. पाच तास लागले असते तर लोक म्हणाले असते, बिचारा, गुडघा. त्यांना चार तासांच्या आतच यायला हवं होतं, मनगटावर. म्हणून त्या दिवशी तिनं भाऊजींची जी काळजी घेतली, तशी त्यांच्या आईनंही घेतली नसेल. उन्हात त्यांना सावलीची बाजू दिली. पाण्याच्या टेबलावर स्वतः ग्लास उचलून हातात दिला. चढावर म्हणाली, "माझ्या टाचांकडे बघा फक्त. मान वर करू नका." भाऊजी तिच्या टाचांकडे बघत पळत राहिले. दोन वर्षं ज्यांच्या नावानं दात खाल्ले, त्यांना ती लेकरासारखं सांभाळत होती आणि तिला त्यात आनंद होत होता. असा आनंद होतो, नाही म्हणणारे खोटं बोलतात.

पस्तिसाव्या किलोमीटरला ताई उभी होती, केळी आणि पाणी घेऊन. नवऱ्याला बघून ती बरोबर पळू लागली, चपला वाजवत.

"अहो, साडेनऊ वाजायला आले की. सहाला सुटलात ना? मग दहाच्या आत पोचाल का?"

"सहाला बंदूक उडाली," भाऊजी धापा टाकत म्हणाले. "मी नंतर सुटलो. तुला काय कळतंय त्यातलं? केळं दे."

"पण तुमच्या त्या भिंतीवर लिहिलंय ना—"

"केळं दे म्हटलं ना. हिशेब माझ्याकडे आहे."

ताई थांबली. तिनं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनंही पाहिलं आणि नजर हलवली नाही. ताईच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. मग तिनं हातातलं दुसरं केळं सोललं आणि स्वतःच खाल्लं.

शेवटच्या चार किलोमीटरांत भाऊजी रडकुंडीला आले. "मेव्हणी, जमत नाही गं."

"जमेल. दहावी आहे. पितळेची पाटी आहे."

"गुडघा..."

"गुडघ्याला उद्या विचारा."

त्यांनी डोळे मिटले आणि पळाले. खरं सांगायचं तर चांगले पळाले. ते श्रेय त्यांचं. शेवटच्या वळणावर गर्दीचा आवाज आला आणि भाऊजींनी मनगट बघितलं. तीन तास सत्तावन्न. त्यांचा चेहरा फुलला. दोन्ही हात वर करून ते वळले, आणि समोर कमानीवर मोठं घड्याळ होतं, लाल आकड्यांचं, बंदुकीबरोबर चालू झालेलं.

चार तास दोन मिनिटं. आणि सेकंद पळत होते.

हात वरच राहिले. त्यांनी मनगट बघितलं, कमान बघितली, पुन्हा मनगट. नळाला पाणी येईना म्हणून माणूस तोटी फिरवत राहतो तसं.

"हे घड्याळ बिघडलंय," ते म्हणाले.

"ते बंदुकीचं आहे, भाऊजी," ती म्हणाली. "बार तुम्हीच उडवलात."

ते सगळं त्यांच्या डोक्यात उतरायला पंचवीस पावलं लागली असतील. चटई आली. पीं झालं. मनगटावर तीन तास अठ्ठावन्नच्या जरा वर, कमानीवर चार तास तीनच्या वर. भाऊजी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. पाठीमागून डॉक्टर आले, जिवंत, आणि रस्त्यावर आडवे झाले.

मंडळाच्या खोलीत पाहुणे वाट बघून गेले. कापड तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठक भरली, त्याच खोलीत, त्याच टेबलावर. भाऊजी लंगडत आले. बोलायला मात्र उभे राहिले. "तांत्रिक बाब आहे. मी अध्यक्ष म्हणून कर्तव्यावर होतो. बंदूक उडवत होतो. मंडळाचं काम करता करता उशीर झाला तर माणसाचं नुकसान का व्हावं? माझी चिपेची वेळ धरावी, एवढंच म्हणणं."

सगळे आपापल्या चहात बघत होते. कुणीतरी म्हणालं, बरोबर आहे तसं.

मेव्हणी दाराजवळ उभी होती, पाण्याचा ड्रम भरून नुकतीच आलेली. "मलाही बरोबर वाटतं," ती म्हणाली.

भाऊजींनी चमकून बघितलं.

"मंडळाचं काम करता करता उशीर झाला तर चिप धरावी. धरा की. नियम सर्वांना सारखा, म्हणजे दोन वर्षांपूर्वीपासूनच धरा. तेव्हा मीही मंडळाचं काम करत होते. पिशव्या चढवत होते. चिपेनं पहिली कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊजींना पाटी द्या, मला नोकरी द्या. मी तर टाळ्या वाजवीन."

पुतणी कोपऱ्यात बसली होती, मैदानाच्या नोकरीचा निळा कोट घालून. तिनं काकांकडे पाहिलं. मोठ्या भावाची मुलगी. तिच्या नोकरीवर तिचं लग्न ठरलं होतं आणि ते भाऊजींनीच ठरवलं होतं.

"ती वेगळी गोष्ट आहे," भाऊजी म्हणाले.

"काय वेगळं?" डॉक्टरांनी विचारलं. "आणि मी सांगतो, चटईवर पाय ठेवायच्या आधी हिनं यांना स्पष्ट विचारलं होतं, बंदूक की चटई. मी बाजूला होतो. हे म्हणाले, मला शिकवतेस."

भाऊजी कापडानं झाकलेल्या पाटीकडे बघत होते. मग पुतणीकडे. पाटी आणि पुतणीची नोकरी, दोन्ही एकदम राखता येणार नव्हतं. शेवटी ते बसले.

"राहू दे," ते म्हणाले. "नियम तो नियम."

"असं नाही, भाऊजी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "विषय संपायला हवा. उभं राहून म्हणायचं असतं. मी म्हटलं होतं."

त्यांनी एकेकाकडे पाहिलं. कुणी त्यांच्या मदतीला आलं नाही. मग टेबलाचा आधार घेऊन, त्या मोडलेल्या गुडघ्यावर, अध्यक्ष उभे राहिले आणि त्यांनी बंदुकीची वेळ मान्य केली. "मला नियम मान्य आहे." शब्द न् शब्द तिचाच होता.

ती ड्रम ठेवून बाहेर आली. ताई पायरीवर बसली होती, तिला सगळं ऐकू आलं होतं.

"आता महिनाभर माझं डोकं खाईल तो."

"खाऊ दे."

"तू सांगितलं होतंस त्याला?"

"एकदा."

"मीही एकदाच सांगितलं," ताई म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं. पुसत होती की हसू झाकत होती ते कळलं नाही.

नोकरी मिळाली नाही, हे सांगायला हवं. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा वाफेत उभी होती, चादर सारत. मात्र ड्रम तिनं त्या संध्याकाळी शेवटचा भरला. मेव्हणी म्हणून कुणी हाक मारली तर ती वळत नाही. चार-पाच वेळा हवेत हाक मारून लोक आपले आपण नळाकडे जातात.

पाटी उतरवली तेव्हा भिंतीत स्क्रूची चार भोकं राहिली. भाऊजींनी त्यांच्यावर एक कॅलेंडर लावलं. ती दर रविवारी पळायला जाण्याआधी खोलीत जाते, कॅलेंडर काढते आणि शेजारच्या खिळ्याला अडकवते. पुढच्या रविवारी ते पुन्हा भोकांवर असतं. ती पुन्हा काढते. तिला घाई नाही.